दादानं धरून ठेवलेली जागा

इथं जमलेल्या सगळ्यांना जोहार. राम राम. सलीमभाई, तुम्हाला नि तुमच्या घरच्यांना सलाम.

मी देविदास. हिरामणचा धाकटा भाऊ. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला आज पहिल्यांदाच बघितलं असेल. मी इथं नसतोच. लांब राजस्थानात, वाळवंटाच्या कडेला, सोलरच्या प्लेटा बसवायचं काम करतो. त्याआधी गुजरातेत होतो. त्याच्याआधी गोव्याला बोटीवर. शाळा आठवीत सुटली. माईक कधी हातात धरला नाही. सकाळी कंपनीतले वाघसाहेब म्हणाले, घरातल्या कोणीतरी दोन शब्द बोलायला पाहिजेत. आई बोलण्यासारखी नाही. वहिनीनं नुसती मान हलवली. मग उरलो मी.

खरं सांगतो, बोलायला लय अवघड जातंय. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून तसेच आलात. अंगावरचे कपडे पण बदलले नाहीत. मघाशी मी या समाजमंदिरात शिरलो नि कूलंटचा, मशीनवर सोडतात त्या तेलकट पाण्याचा, वास आला. एक क्षण वाटलं, दादा आला. दादाला दुसरा वासच नव्हता. सुट्टीत गावी यायचा, नदीवर अंघोळ करायचा, नवा शर्ट घालायचा, तरी तोच वास. आमची आई म्हणायची, "ह्याचं रगत पण तसंच वास मारत असंल."

आई पुढं बसलीय. सुरगाण्याकडून गावची माणसं जीप भरून आलीत, ती तिच्या मागं बसलीत. कंपनीतली मंडळी उजव्या हाताला. म्हणजे दादाची दोन्ही घरं इथं आहेत. दोन्ही घरांना एकमेकांचं काही माहीत नाही. म्हणून मला बोलायचंय.

काय झालं ते गावाकडच्यांसाठी आधी सांगतो. दादा गेल्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला होता. चहाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. तो मशीनसमोर खाली बसला. पलीकडच्या मशीनवरच्या सलीमभाईंना वाटलं, काहीतरी पडलंय, उचलतोय. तो उचलत नव्हता. दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरनं सांगितलं, हृदय बंद पडलं. इतकंच झालं. हात अडकला नाही, अंगावर काही पडलं नाही, शॉक बसला नाही.

आईला हे कळत नाही. कंपनीत मेला म्हणजे यंत्रानं खाल्ला, असंच तिला वाटतं. तिनं दादाचे हात बघितले. दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. बोटं मोजली. मग मी आल्यावर मला विचारलं, "रगत कुठं हाय?"

काय सांगू मी तिला? तुम्ही सांगा.

डॉक्टरनं वहिनीला विचारलं होतं, कामाचा ताण होता का? वर्कलोड जास्त होता का? वहिनी म्हणाली, "नाय. काम नेहमीचंच होतं." वाघसाहेब शेजारी उभे होते. ते म्हणाले, लोड तसा काही नाही, मशीन ऑटोमॅटिक आहे, माणसानं नुसतं उभं राहायचं. सलीमभाई पण तिथं होते. ते खाली बघत होते. डॉक्टरनं जे लिहायचं ते लिहिलं नि पुढच्या पेशंटकडं गेला.

वहिनी खोटं बोलली नाही. मी तिला नंतर विचारलं. म्हटलं, वहिनी, ताण नव्हता? ती म्हणाली, "ताण म्हंजे काय रे? भांडण झालं असतं, कोणी शिवी दिली असती, तर ताण. ह्यांना कोणी काय बोलायचं नाय. सगळे चांगलंच म्हणायचे." मग म्हणाली, "रविवारी दुपारी झोपायचे ना, तर अंगठा हालायचा. असा. गोधडीवर दाबायचे. मी हसायची."

अंगठा. मशीनवालं कोणी असेल तर त्याला कळलं असेल. जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं. झोपेतसुद्धा माणूस बटण दाबत होता आणि काम नेहमीचंच होतं.

नेहमीचंच होतं. हा शब्द मला गेले काही दिवस सोडत नाही. नेहमीचं म्हणजे कधीपासूनचं? दादा कंपनीत लागला तेव्हा त्याच्याकडं मशीन किती होतं? एक. बाजूला एक स्टूल होतं. मशीन आपलं काम करायचं तोवर दादा स्टुलावर टेकायचा, झालेला जॉब गेज लावून बघायचा, सलीमभाईंशी बोलायचा. आणि गेला तेव्हा किती होती? तीन. समोर एक, पाठीमागं एक, आणि तिसरं डाव्या अंगाला. मधे दादा. एकाचा जॉब काढला की दुसऱ्याचा काम झाल्याचा दिवा लागायचा. तो लावला की तिसऱ्याचा. स्टूल कोपऱ्यात गेलं. सलीमभाई त्याला चिडवायचे, "हिरामण, स्टूल पूछ रहा था, तू गाव गया क्या?" दादा मला फोनवर हे सांगून हसायचा. मी पण हसायचो. वाटायचं, मजेत आहे.

आता मी तुम्हाला, कंपनीतल्या माणसांना, आमच्या गावची एक गोष्ट सांगतो. ती कळल्याशिवाय दादा कळायचा नाही.

आमच्याकडं डोंगरात भाताची आवणी असते. पावसात गुडघाभर चिखलात रोपं लावायची. एका घराचं ते काम नाही, वेळेत होत नाही. म्हणून सावड करतात. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या सगळे तुझ्या खाचरात. मजुरी नाही, हिशेब नाही. कोणी आजारी पडला, कोणाच्या घरी मयत झाली, तर त्याचं खाचर आधी लावायचं. तो अंथरुणावर असतो, त्याचं भात लागतं. आणि लावून झाल्यावर बोलून दाखवायचं नाही. तुझं मी केलं, असं तोंडातून काढायचं नाही. काढलं तर लोक म्हणतात, ह्याला सावड करता येत नाही. ह्यापेक्षा मोठी शिवी आमच्या गावात नाही. आई, खरं ना?

दादा त्या चिखलातून उठून इथं सातपूरला कंपनीत आला. चिखल धुतला. सावड धुतली नाही.

आता गोरखभाऊ. गोरखभाऊ, तुम्ही मागं दारापाशी उभे आहात, मी बघितलंय. जाऊ नका. मला तुमच्याशी बोलायचंय, म्हणून तर मी माईक घेतला.

मंडळी, हे गोरखभाऊ आधी दादाच्या पाठीमागच्या मशीनवर होते. त्यांच्या घरी मखमलाबादकडं फुलशेती. आता इथल्याच द्वारका चौकात रिक्षा चालवतात. मी राजस्थानातून ट्रॅव्हल्सनं आलो, द्वारकेला उतरलो. तोवर इथलं सगळं आटोपलं होतं. माझ्या दादाचं तोंड मला दिसलं नाही. सलीमभाईंनी गोरखभाऊंना फोन करून सांगितलं होतं, हिरामणचा भाऊ येतोय, त्याला घेऊन ये. ते उभे होते. पिशवी घेतली माझी. रिक्षा सुरू केली.  मग सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण तुझ्या भावानं माझं मशीन घेतलं."



"आई आजारी होती माझी," गोरखभाऊ म्हणाले. "मी सुट्टीवर गेलो. हिरामण म्हणाला, जा तू बिनघोर, मी बघतो तुझं मशीन. मला वाटलं, काय देवमाणूस आहे. परत आलो तर सुपरवायझर म्हणतो, तुला ब्रेक दिलाय, सध्या घरी बस, गरज लागली की बोलावतो. गरज कशी लागणार? तुझा भाऊ दोन्ही चालवत होता ना. हसत चालवत होता. मी गेटवरून बघितलं."

सिग्नल सुटला. मागच्यानं हॉर्न दिला. गोरखभाऊ म्हणाले, "एकदा तो मला द्वारकेला दिसला. हात केला त्यानं. मी रिक्षा वळवून घेतली."

एवढं बोलून त्यांनी मला सातपूरला आणून सोडलं. भाडं घेतलं नाही. पिशवी दारापर्यंत आणून दिली. आणि मी त्यांना रिक्षात काही बोलू शकलो नाही.  आज सगळ्यांच्या समोर बोलतो.

गोरखभाऊ, तुम्ही गेलात त्या दिवसांत मी दादाला फोन केला होता. मी म्हटलं, दादा, दोन-दोन मशिनी कशाला ओढतोस? तो म्हणाला, "दोन कुठं? माझं एकच हाय. दुसरं गोरखचं हाय."

मी म्हटलं, "गोरखला काढला ना?"

"काढला म्हंजे? येईल की. साहेब बोललाय, बोलावू म्हणून. तवर चालतं ठेवायचं. मशीन बंद दिसलं ना, तर दुसरा माणूस आणून बसवतील. मंग गोरख आला तर त्याला जागा कुठं?"

"दादा, येडा हायस तू."

"तू नको शिकवू. तू कुठं टिकतोस? एका जागी वरीसभर राहून दाखव, मंग बोल."

असं बोलणं झालं होतं. शब्द पुढंमागं झाले असतील. पण "गोरखचं हाय" हे तो दर वेळी म्हणायचा. शेवटपर्यंत म्हणायचा. तुम्ही रिक्षा घेतलीत, तुमची आई गेली, तुमच्या मुलीचं बारसं झालं, तरी दादाच्या तोंडी ते मशीन तुमचंच होतं. तो तुमची जागा धरून बसला होता, गोरखभाऊ. एसटीत खिडकीला रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा तो स्वतःच तिथं टाकलेला होता.

आणि तुम्हाला सांगितलं का नाही? सावडीत सांगत नाहीत. तुझं मी करतोय, असं तोंडातून काढत नाहीत. द्वारकेला त्यानं हात केला तो तेवढाच. त्याच्याकडं त्याच्यापुढं शब्द नव्हता.

आता ह्यातली मोठी चूक बघा. आमच्याच गावचा माणूस ही चूक करू शकतो, दुसरा कोणी करणार नाही. दादाला वाटत होतं, मशीन चालतं ठेवलं म्हणजे गोरखची जागा राहील. आणि मशीन जितकं चांगलं चालत होतं, तितकी गोरखची जागा जात होती. रोज थोडी थोडी. दादा स्वतःच्या हातानं घालवत होता. ज्या दिवशी ते मशीन बंद पडलं असतं, त्या दिवशी गोरखभाऊंना फोन गेला असता. दादा घामाघूम होऊन तो फोन थांबवत होता. मित्राच्या मायेनं.

सावडीत मी तुझ्या खाचरात उतरलो, तर उद्या तू माझ्या खाचरात उतरशील. पण दादा कोणाच्या खाचरात उतरला होता? गोरखच्या नाही. तो कंपनीच्या खाचरात उतरला होता. कंपनीची पाळी कधी यायची? कंपनी कधी आमच्या बांधावर आवणीला आलीय का?

तिसऱ्या मशीनचं पण मी विचारलं होतं. म्हटलं, "दादा, दुसरं गोरखचं. मग तिसरं कोणाचं?"

 तो म्हणाला, "ते कोणाचं नाय. ते असंच आलं."

"मग चालवतोस कशाला?"

"आता दोघांच्या मधीच उभं हाय ते. ओलांडून जावं लागतं."

मी हसलो. तोही हसला. आज इथं कोणाला हसू येतंय का? मला येत नाही. माणसावर ओझं असंच चढतं, मंडळी. पहिलं आपण मायेनं घेतो. दुसरं असंच येतं. आणि मग सगळ्यांना मिळून सवय होते. घेणाऱ्याला होते, देणाऱ्याला होते, बघणाऱ्याला होते. त्याच्या बायकोलाही होते. मग कोणी डॉक्टर विचारतो, काम जास्त होतं का? आणि ती बिचारी म्हणते, नेहमीचंच होतं.

वाघसाहेब, मी तुमच्यावर राग काढायला उभा नाही. दादा तुम्हाला वाईट म्हणायचा नाही. तुम्ही कधी अंगावर ओरडला नाहीत. आमच्या पुतणीच्या ॲडमिशनला तुम्ही चिठ्ठी दिली होती. आणि मला सलीमभाईंनी सांगितलंय, तुमच्या जोडीचे साहेब गेल्यापासून तुम्ही एकटेच दोन सेक्शन बघता. मंग साहेब, तुमचं पण काम नेहमीचंच असेल. घरी विचारलं तर काय सांगता? काही नाही, नुसतं बघायचं असतं, असंच ना? रात्री तुमचा अंगठा हलतो का, ते वहिनीसाहेबांना विचारा एकदा. मी चेष्टा करत नाही. खरंच विचारा.

माझं सांगतो. तिकडं वाळवंटात एक प्लेट दोघांनी उचलायची असते. वाऱ्यानं ती पतंगासारखी ओढते. एकदा ठेकेदार म्हणाला, आजपासून एका माणसानं एक प्लेट. आमच्या गँगमध्ये कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा, कोणी बंगालचा. एकमेकांची भाषा येत नाही, एकमेकांचं नाव नीट घेता येत नाही. आम्ही काय केलं? प्लेटा खाली ठेवल्या नि गाडीच्या सावलीत जाऊन बसलो. मीटिंग नाही, घोषणा नाही. एक बसला, दुसरा बसला. संध्याकाळी ठेकेदार म्हणाला, बरं बाबांनो, दोघं दोघं उचला.

मी त्या रात्री दादाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, "तुमचं बरं हाय. तुम्ही एकमेकांचे कोण लागता?"

तेव्हा मला वाटलं, हा मला टोमणा मारतोय. आता कळतं, तो खरंच बोलत होता. आम्ही एकमेकांचे कोणी नव्हतो म्हणून वाचलो. कोणाचं ओझं कोणी घेतलं नाही, म्हणून ते ठेकेदाराचंच राहिलं. आणि इथं तुम्ही एकमेकांचे भाऊ. एकाच डब्यातलं खाणारे. एकमेकांच्या लग्नात नाचलेले. म्हणून इथं एकजण मेला. हे कसलं उलटं गणित आहे? मला आठवीपर्यंतच्या शाळेत तर हे शिकवलं नव्हतं.

आता जे सांगायचंय त्यावर येतो.

परवा मी दादाचा डबा नि चपला आणायला कंपनीत गेलो. तुम्ही सगळ्यांनी हात जोडले. मी दादाची जागा बघायला गेलो. मला वाटलं, मशिनी बंद असतील, कोणी हार घातला असेल. हार होता. आणि मशिनी चालू होत्या. तीनपैकी दोन चालू होत्या, आणि त्यांच्यात सलीमभाई धावत होते. स्वतःचं मशीन पलीकडं, तिकडं जात होते, परत येत होते. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नाही.

मी म्हटलं, "सलीमभाई, हे काय?"

ते म्हणाले, "छोटे, हिरामण की मशीन बंद कैसे देखूँ? बंद दिखती है तो कलेजा फटता है. मला नाही बघवत रे. जब तक कोई आता नहीं, मैं देख लेता हूँ."

मैं देख लेता हूँ. मी बघतो तुझं मशीन.

सलीमभाई, हेच वाक्य होतं. दादानं गोरखभाऊंना हेच सांगितलं होतं. तुम्हाला रडू येतंय, मला दिसतंय. तुम्ही दादावर जीव लावलात, दवाखान्यात तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, वहिनी मला सगळं बोललीय. पण तुमची पण छाती आहे ना? तुमचं पण वय झालंय ना? भाभीजान इथं बायकांच्या बाजूला बसल्यात. त्यांना उद्या डॉक्टरनं विचारलं तर त्या काय सांगतील?

त्याच दिवशी वाघसाहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "देविदास, दादाची जागा तुझीच समज. वरती बोललोय मी. बाहेर भटकण्यापेक्षा घरच्यांजवळ राहा. मशिनी तीन आहेत, पण होते सवय. तुझा भाऊ करतच होता."

साहेब, तुमचे उपकार आहेत. मनापासून म्हणतो. ही जागा नको असं मी म्हणू शकत नाही. वहिनी आहे, दोन पुतण्या आहेत, आई आहे. सोलरचं काम संपलं की मी पुन्हा कुठंतरी जाणार, आणि इथं कोण बघणार? मी रात्रंदिवस हाच विचार केला. मी वहिनीला विचारलं. म्हटलं, वहिनी, तू सांगशील तसं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "तू राहा. पण त्यांच्यासारखा राहू नको."

मग मी ठरवलंय. तुम्हा सगळ्यांच्या समोर सांगतो, कारण एकट्याला साहेबांच्या केबिनमध्ये मला हे बोलता येणार नाही.

मी येतो. मशीन शिकून घेतो, सलीमभाई शिकवतील. पण एका मशीनवर येतो. दादाच्या. त्याचं जे पहिलं होतं त्याच्यावर. आणि कोपऱ्यातलं स्टूल आणून तिथं ठेवतो. पाठीमागचं मशीन गोरखभाऊंचं आहे. ते चालवायचं असेल तर त्यांना बोलवा. ते येतील न येतील, त्यांची मर्जी. रिक्षा बरी वाटत असेल तर नाही येणार. पण त्यांना कोणी विचारलं तरी पाहिजे. आणि तिसरं कोणाचं नाही. ज्याचं नाही, ते माझं नाही.

साहेब, हे जमत नसेल तर मी परत जातो वाळवंटात. मला माहीत आहे, बहुतेक जमणार नाही. तुमच्या हातात पण सगळं नसतं. बाहेर गेटवर माणसं उभी असतात, कोणीतरी तीन मशिनींना हो म्हणेल. माझ्यासारख्याच कुठल्यातरी डोंगरातून उतरलेला असेल. त्याच्या घरी पण कोणीतरी भाकरी थापत असेल. मी त्याला काही बोलू शकत नाही. तुम्हाला बोलू शकतो. कारण तुम्ही दादाचे आहात.

म्हणून तुमच्याकडं एकच मागणं आहे. आता रिवाजाप्रमाणं दोन मिनिटं उभं राहायचं असतं. मान खाली घालून. आपण राहू. पण ती शांतता मला पुरत नाही. दोन मिनिटं झाली की खुर्च्या वाजतात, कोणाचातरी फोन वाजतो.

उद्या सकाळी फर्स्ट शिफ्टला तुम्ही आत जाल. तुमच्या मशिनी चालू करा. कोणाचं काम बुडवू नका, मी तसं म्हणत नाही. फक्त दादाच्या मशिनींना हात लावू नका. सलीमभाई, तुम्ही पण नाही. त्याच्यावर माया आहे म्हणून नाही, घरच्यांसाठी म्हणून नाही, प्रॉडक्शन कमी दिसेल म्हणून नाही, डोळ्यांना बघवत नाही म्हणून तर अजिबात नाही. बघवत नसेल तरी बघा. त्या तिन्ही मशिनींचे दिवे बंद राहू द्या. त्या बंद दिसतील तेव्हाच वरच्यांना कळेल की इथून माणूस गेलाय. चालू दिसल्या तर कोणीच गेलं नाही. मग दादा मेलाच नाही, असं होईल. आणि मला माझ्या आईला सांगायचंय की तो मेलाय.

आई, तू विचारलंस रगत कुठं हाय. रगत नाही सांडलं, आई. तो उभ्या उभ्या संपला. त्याच्या पाठीवर काही दिसत नव्हतं म्हणून आम्हाला कोणाला कळलं नाही.

दादा, तू मला म्हणायचास, एका जागी टिकून दाखव. बघतो. पण तुझ्यासारखं टिकायचं मला सांगू नको.

गोरखभाऊ, पुढं या. इथं, त्याच्या फोटोसमोर. त्यानं द्वारकेला तुम्हाला हात केला होता. आता तुम्ही त्याला करा.

मंडळी, सगळे उभे राहा. कोणी काही बोलू नका. आणि हा माईक बंद करा, त्याची घरघर ऐकू येतेय.

दादा, जोहार.